गायकी अंगाचे व्हायोलिन आणि गुरुपदाची जबाबदारी : पं. गजाननबुवा जोशी यांचे जीवन व कार्य

प्रस्तावना

हिंदुस्थानी अभिजात संगीताच्या इतिहासात गायकांची चरित्रे विपुल आहेत. सतार, सरोद, बासरी, शहनाई या वाद्यांच्या श्रेष्ठ वादकांविषयीही बरेच लेखन झाले आहे. त्या मानाने गजाने वाजविल्या जाणाऱ्या वाद्यांच्या कलावंतांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. सारंगी, दिलरुबा, व्हायोलिन, चेलो ही या वर्गातील वाद्ये होत. मैफलीत यांतील बहुतेक वाद्ये साथीला बसली आणि साथीदाराचे चरित्र लिहिण्याची प्रथा आपल्याकडे फारशी रुजली नाही, हे त्याचे एक कारण असावे. दुसरे कारण असे की, या वाद्यांचे श्रेष्ठ कलावंत अनेकदा उत्तम शिक्षकही होते. शिक्षकाचे कार्य शिष्यांच्या गळ्यात आणि हातात शिल्लक राहत असल्याने ते कागदावर सहज उतरत नाही.

प्रस्तुत लेखात ख्यालगायक, व्हायोलिनवादक व गुरू पं. गजानन अनंत जोशी ऊर्फ गजाननबुवा जोशी (१९११-१९८७) यांच्या जीवनकार्याचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. पाश्चात्त्य बनावटीचे, गजाने वाजणारे वाद्य हाती घेऊन त्यावर ख्यालगायकी मांडणारे आणि पुढे आयुष्याचा मोठा भाग अध्यापनाला देणारे कलावंत महाराष्ट्रात मोजकेच झाले. त्यांत बुवांचे स्थान अग्रभागी आहे. विदर्भातील अभ्यासकाच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक महत्त्व आहे. बुवांच्या विद्येचा एक ठळक प्रवाह यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा येथील कशाळकर कुटुंबात आला आणि तेथून तो देशभर पोहोचला.

लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) व्हायोलिनकुलातील वाद्यांचा हिंदुस्थानी संगीतातील प्रवेश समजून घेणे.
२) गजाननबुवांची जडणघडण व त्यांनी घेतलेली तीन घराण्यांची तालीम यांचा आढावा घेणे.
३) गळ्यातील गायकी गजावर उतरविण्याच्या प्रक्रियेचे विवेचन करणे.
४) गुरू या नात्याने त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करून महाविद्यालयीन संगीत अध्यापनासाठी त्यातून काही बोध मिळतो का, हे पाहणे.

व्हायोलिनकुल आणि भारतीय संगीत

व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो ही एकाच कुलातील वाद्ये आहेत. सोळाव्या शतकात उत्तर इटलीत या कुलाला आजचे रूप येऊ लागले. तिन्ही वाद्यांना चार तारा असतात. लगतच्या दोन तारांत षड्ज-पंचम भावाचे अंतर ठेवले जाते. घोड्याच्या केसांना राळ लावून तयार केलेल्या गजाने तारा घासल्या जातात. या वाद्यांच्या पट्टीवर पडदे नसतात, ही भारतीय संगीताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. पडदा नसल्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाता येते, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येतात आणि आंदोलन, मींड, गमक हे सर्व अलंकार साधता येतात. गज चालू असेपर्यंत नाद टिकत असल्यामुळे कंठातील दीर्घ श्वासाची आठवण करून देणारा स्वर त्यातून निघतो. चेलोच्या तारा व्हायोलाच्या तारांपेक्षा एका सप्तकाने खाली असतात. त्यामुळे त्याचा नाद पुरुषाच्या खर्जाच्या आवाजाला जवळचा वाटतो.

व्हायोलिन भारतात प्रथम रुजले ते दक्षिणेत. मुथुस्वामी दीक्षितर यांचे बंधू बालुस्वामी दीक्षितर (१७८६-१८५८) आणि तंजावरच्या चार बंधूंपैकी वडिवेलू यांना कर्नाटक संगीतात व्हायोलिन आणण्याचे श्रेय दिले जाते. एकोणिसाव्या शतकातच ते तेथील मैफलीचे आवश्यक साथीचे वाद्य बनले. उत्तरेत मात्र गायनाच्या साथीसाठी सारंगी प्रस्थापित होती. पुढे तिची जागा हार्मोनियमने मोठ्या प्रमाणात घेतली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन वाजविण्याची सिद्ध परंपरा, तिचे बाज, तिचे खलिफे असे काहीच उपलब्ध नव्हते. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्यासारखे काही कलावंत हे वाद्य वाजवीत असत, परंतु त्यातून महाराष्ट्रात शिक्षणाची वाट तयार झालेली नव्हती.

गजवाद्ये आपल्या भागाला अपरिचित होती, असे मात्र म्हणता येणार नाही. यवतमाळ व लगतच्या आदिलाबाद परिसरातील परधान समाजाचे कथागायक गोंड राजांच्या व देवांच्या कथा किंगरीच्या साथीने गात आले आहेत. किंगरी हे गजाने वाजणारे लोकवाद्यच होय. लोकसंगीतातील गजवाद्य कथेला आधार देते, तर शास्त्रीय मैफलीतील गजवाद्य गायकाला आधार देते. दोन्ही ठिकाणी त्याची भूमिका अनुगामी आहे. या वाद्याला स्वतःचे विधान करता येते का, हा प्रश्न गजाननबुवांच्या पिढीपुढे उभा होता.

घराणे व प्रारंभिक संस्कार

गजाननबुवांचा जन्म ३० जानेवारी १९११ रोजी मुंबईत गिरगाव येथे झाला. घरात गायनाची परंपरा होती. आजोबा मनोहर जोशी व वडील अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतूबुवा (१८८१-१९६७) हे दोघेही गायक होते. अंतूबुवा हे पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) यांचे शिष्य. बाळकृष्णबुवांनी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे कष्टाने ग्वाल्हेरची विद्या संपादन केली आणि ती महाराष्ट्रात आणली, ही घटना मराठी संगीताच्या इतिहासात निर्णायक मानली जाते. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर, यशवंत सदाशिव ऊर्फ मिराशीबुवा आणि अंतूबुवा ही त्यांच्या शिष्यपरंपरेतील प्रमुख नावे होत.

अंतूबुवा सातारा भागातील औंध संस्थानचे दरबारगायक होते. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे कलांचे जाणते आश्रयदाते होते. चित्रकला, कीर्तन, व्यायाम, सूर्यनमस्कार, ग्रंथलेखन अशा अनेक क्षेत्रांत त्यांना रस होता. संस्थान लहान असले तरी तेथील सांस्कृतिक वातावरण संपन्न होते. अंतूबुवांनी आपले आध्यात्मिक गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ औंध येथे सुरू केलेला संगीतोत्सव पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या दशकात, १९५५ साली, संगीत नाटक अकादमीने हिंदुस्थानी कंठसंगीतासाठी अंतूबुवांचा गौरव केला.

अशा घरात गजाननबुवांचे पहिले शिक्षण वडिलांकडे झाले. ग्वाल्हेर पद्धतीत बंदिश हा सर्व विस्ताराचा पाया मानला जातो. स्थायी व अंतरा शुद्ध स्वरूपात, शब्दांच्या नेमक्या उच्चारासह आणि तालातील नेमक्या जागांसह पाठ झाल्यावाचून आलापाला हात घालू दिला जात नाही. अनेक रागांतील अनेक बंदिशींचा साठा करणे, मध्यलयीच्या अंगाने ख्याल मांडणे, आलाप, बोलआलाप, बहलावे, बोलताना, सपाट ताना अशी क्रमवार वाढ करणे ही या गायकीची वैशिष्ट्ये होत. या शिस्तीचा संस्कार बुवांवर बालवयातच झाला. त्यांनी तबल्याचाही अभ्यास केला. पुढे त्यांच्या गायनवादनात लयीवर जे प्रभुत्व दिसले त्यामागे हा अभ्यास होता.

तीन घराण्यांची तालीम

गजाननबुवांच्या जीवनातील सर्वांत अर्थपूर्ण निर्णय वडिलांची तालीम पूर्ण झाल्यानंतरचा आहे. घरातच एक संपन्न परंपरा असताना आणि तिचे वारस म्हणून मान्यता मिळत असताना त्यांनी अन्य गुरूंकडे जाऊन पुन्हा शिष्यत्व पत्करले. त्यांनी ग्वाल्हेर परंपरेतीलच परंतु वेगळ्या धाटणीच्या रामकृष्णबुवा वझे (१८७१-१९४५) यांच्याकडून विद्या घेतली. वझेबुवा अनवट व अप्रचलित रागांच्या संग्रहासाठी प्रसिद्ध होते. उस्ताद अल्लादिया खाँ यांचे पुत्र भुर्जी खाँ यांच्याकडून बुवांना जयपूर-अत्रौली घराण्याची, तर उस्ताद विलायत हुसेन खाँ (१८९५-१९६२) यांच्याकडून आग्रा घराण्याची तालीम मिळाली.

या निर्णयाचे मोल समजण्यासाठी त्या काळातील घराण्यांची मानसिकता लक्षात घेणे आवश्यक आहे. घराणे ही केवळ शैली नव्हती. ती कुटुंबाची मालमत्ता होती आणि उपजीविकेचे साधनही होती. बंदिशी व राग सहजासहजी दिले जात नसत. दुसऱ्या घराण्याचे गाणे घेणे हा पहिल्या गुरूचा अवमान समजला जाण्याचीही शक्यता असे. उलट बाजूने, अनेक घराण्यांचे थोडे थोडे घेऊन तयार झालेल्या गायकाचे गाणे एकसंध राहत नाही, असा आक्षेपही घेतला जाई. हा आक्षेप निराधार नव्हता. त्यामुळे तीन घराण्यांची विद्या एका कलावंताने घेणे यात धोका होता.

तिन्ही घराण्यांच्या सौंदर्यविचारातील भेद येथे थोडक्यात नोंदविणे उचित होईल. ग्वाल्हेर गायकी खुल्या आवाजाची, सरळ, स्पष्ट आणि बंदिशीला बांधील आहे. जयपूर गायकीत स्वर व लय यांची वीण घट्ट असते, आकाराने होणारी अखंड बढत असते, स्वरवाक्ये वळणावळणाने एकमेकांत गुंततात आणि जोडरागांना विशेष स्थान असते. आग्रा गायकीत ध्रुपद-धमाराच्या संस्कारामुळे नोमतोमचे आलाप, बोलबाट, तालाशी चाललेला खेळ आणि समेवर येण्याची नाट्यमयता यांना महत्त्व असते. हे तीन विचार एकमेकांत कालविले तर प्रत्येकाची धार बोथट होते. प्रत्येकाला त्याच्या जागी, त्याच्या रागात आणि त्याच्या बंदिशीत राहू दिले, तर मात्र एका कलावंताकडे तीन भाषा येतात. बुवांनी दुसरा मार्ग स्वीकारला. याचा सर्वांत सबळ पुरावा त्यांच्या शिष्यांच्या गायनात मिळतो. त्याचा विचार पुढे केला आहे.

गळ्यातून गजावर

व्हायोलिनवर हिंदुस्थानी संगीत मांडताना वादकासमोर दोन पर्याय असतात. सतार-सरोदाच्या अंगाने गत, जोड, झाला असा क्रम घेता येतो. किंवा ख्यालाचा क्रम जसाच्या तसा वाद्यावर आणता येतो. पहिल्याला तंतकारी अंग व दुसऱ्याला गायकी अंग म्हणतात. गजाननबुवा स्वतः पूर्ण तयारीचे गायक असल्यामुळे त्यांचे वादन स्वाभाविकपणे गायकी अंगाचे होते. आधी गळ्यावर सिद्ध झालेली बंदिशच त्यांच्या हाती तारेवर येत होती.

ही प्रक्रिया वरवर पाहता अनुकरणाची वाटते, तथापि तिच्यात अनेक तांत्रिक प्रश्न दडलेले आहेत. पहिला प्रश्न बैठकीचा. पाश्चात्त्य वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून, हनुवटी व खांदा यांच्यात वाद्य धरतो. भारतीय वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक उजव्या पायावर टेकवितो. त्यामुळे डाव्या हातावर वाद्य धरून ठेवण्याचा भार राहत नाही व तो पट्टीवर मोकळेपणाने वरखाली घसरू शकतो. मींड शक्य होते ती या मोकळ्या हातामुळे. दुसरा प्रश्न तारा मिळविण्याचा. भारतीय वादक निवडलेल्या षड्जाला अनुसरून तारा षड्ज-पंचमात मिळवितात. त्यामुळे मोकळ्या तारांतून तंबोऱ्याशी जुळणारा नाद मिळतो.

तिसरा आणि खरा प्रश्न गजाचा आहे. गायकाला शब्द असतात, वादकाला नसतात. बंदिशीतील अक्षरांचे आघात, त्यांचे लांबणे-तुटणे, श्वासाची जागा हे सर्व वादकाला गजाच्या दिशेने, दाबाने आणि वेगाने दाखवावे लागते. आकाराची अखंड तान घ्यायची तर एकाच गजात अनेक स्वर बांधावे लागतात. बोलबाट दाखवायची तर प्रत्येक अक्षरामागे गज फिरवावा लागतो. ग्वाल्हेरच्या सपाट तानेला लांब व एकसारखा गज हवा. जयपूरच्या गुंतलेल्या स्वरवाक्यांत गजाचे वळण कानाला जाणवता कामा नये. आग्र्याच्या लयकारीत नेमके ते वळणच स्पष्ट ऐकू यायला हवे. म्हणजेच घराण्यांचे जे भेद आपण गायनात मानतो, ते वादकाच्या उजव्या हाताच्या भाषेत पुन्हा मांडावे लागतात. तीन घराण्यांची गायकी आत्मसात केलेला गायक व्हायोलिन हाती घेतो तेव्हा त्याच्यापुढे हे काम एकदा नव्हे, तीन वेळा येते.

या संदर्भात समकालीन वादकांचाही विचार करावा लागेल. पं. व्ही. जी. जोग (१९२२-२००४) यांनी लय व जुगलबंदी यांच्या आधारे व्हायोलिन लोकप्रिय केले. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्याबरोबरच्या त्यांच्या मैफली विशेष गाजल्या. पं. दामोदर केशव दातार (१९३२-२०१८) यांनी शांत, भावपूर्ण गायकी अंग जोपासले. डॉ. एन. राजम (जन्म १९३८) यांनी कर्नाटक पद्धतीचे शिक्षण घेतल्यानंतर पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्या मार्गदर्शनाखाली ख्यालाचा सूक्ष्म स्वरलगाव तारेवर आणला. या सर्वांच्या आधीच्या पिढीत जन्मलेल्या गजाननबुवांचे वेगळेपण असे की, ते मैफलीत गायक म्हणून आणि वादक म्हणून अशा दोन्ही नात्यांनी उभे राहू शकत होते. व्हायोलिन हे त्यांच्यासाठी गायकीचे दुसरे घर होते. त्यांच्या वादनकार्याबद्दल १९७२ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. वडील कंठसंगीतासाठी व पुत्र व्हायोलिनसाठी सन्मानित होणे, ही गोष्ट या घराण्याच्या प्रवासाची दिशा सूचित करते.

आश्रयाचे बदलते स्वरूप

गजाननबुवांच्या आयुष्यात संगीताच्या आश्रयाची व्यवस्था आमूलाग्र बदलली. वडिलांप्रमाणे त्यांनीही औंध दरबारात सेवा केली. १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले. देशातील इतर संस्थानांची स्थितीही तीच झाली आणि शेकडो कलावंतांचा हक्काचा आधार संपला. संगीताचा आश्रय राजाकडून शासनाकडे व श्रोत्यांकडे आला.

या संक्रमणात आकाशवाणीची भूमिका फार मोठी होती. १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच सुमारास माहिती व नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बा. वि. केसकर यांनी अभिजात संगीताला प्रसारणात मध्यवर्ती स्थान दिले. कलावंतांच्या श्रवणचाचण्या, त्यांची प्रतवारी, कंत्राटे यांची पद्धत रूढ झाली. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला प्रसारणात मज्जाव केला होता. त्या काळात नभोवाणीवरील साथीसाठी सारंगी व व्हायोलिन यांसारख्या गजवाद्यांची गरज वाढणे क्रमप्राप्त होते. गजाननबुवांनी आकाशवाणीच्या मुंबई, इंदूर व लखनौ या केंद्रांवर काम केले. दरबारात एका अधिपतीसाठी गाणारा कलावंत नभोवाणीवर अनोळखी श्रोत्यांसाठी, ठरावीक मिनिटांत, ध्वनिक्षेपकासमोर गाऊ-वाजवू लागला. विस्ताराला मर्यादा आली, पण गायकी लहानलहान गावांतील रेडिओपर्यंत पोहोचली. विदर्भातील अनेक घरांत अभिजात संगीताची पहिली ओळख याच मार्गाने झाली.

गुरू गजाननबुवा

कलावंताचे मूल्यमापन त्याच्या मैफलींवरून होते, तर गुरूचे मूल्यमापन शिष्यांवरून. या कसोटीवर गजाननबुवांचे स्थान फार वरचे आहे. पं. उल्हास कशाळकर, पं. अरुण कशाळकर, पं. विकास कशाळकर, विदुषी पद्मा तळवलकर, विदुषी वीणा सहस्रबुद्धे (१९४८-२०१६), विदुषी शुभदा पराडकर अशा अनेक कलावंतांनी त्यांच्याकडे विद्या घेतली. यांतील बहुतेकांनी इतर गुरूंकडूनही शिक्षण घेतले आहे. ती गोष्ट बुवांच्या स्वतःच्या शिक्षणाशी सुसंगतच म्हटली पाहिजे. त्यांच्या घरातील पुढच्या पिढीतही गायन व व्हायोलिन यांची परंपरा चालू राहिली.

या नामावलीकडे पाहिल्यावर तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली गोष्ट, बुवांचे नामवंत शिष्य प्रामुख्याने गायक आहेत. वादक म्हणून पुरस्कृत झालेल्या गुरूकडून गायकांची पिढी घडली, याचा अर्थ त्यांची तालीम वाद्याच्या तंत्रापुरती नव्हती. मूळ विद्या गायकीची होती, वाद्य हे तिचे एक माध्यम.

दुसरी गोष्ट, हे शिष्य एकमेकांसारखे गात नाहीत. उल्हास कशाळकर ग्वाल्हेर, जयपूर व आग्रा या तिन्ही गायकी आपापल्या स्वतंत्र रूपात मांडतात आणि एका रागात एका घराण्याचे भान सांभाळतात. अरुण कशाळकर यांच्या गायनात आग्रा अंग प्रधान आहे. ‘रसदास’ या नावाने त्यांनी बंदिशींची रचनाही केली आहे. वीणा सहस्रबुद्धे यांचे गायन ग्वाल्हेरच्या पायावर उभे होते. पद्मा तळवलकर यांनी गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडूनही जयपूर गायकी घेतली आणि आपली वेगळी वाट घडविली. एकाच गुरूच्या शिष्यांत इतके वैविध्य असणे हा योगायोग मानता येत नाही. शिष्याच्या आवाजाचा धर्म, त्याची बुद्धी आणि त्याची पूर्वतयारी ओळखून विद्या देणारा गुरूच असे वैविध्य निर्माण करू शकतो.

तिसरी गोष्ट, तालमीतील स्पष्टता. तीन घराण्यांची सरमिसळ टाळायची तर गुरूला स्वतःला प्रत्येक घराण्याचे व्याकरण निराळे ठेवता आले पाहिजे. कोणत्या बंदिशीत बोलबाट शोभते, कोणत्या रागात आकाराची बढत हवी, कोठे सरळ तान पुरेशी आहे, हा विवेक नुसत्या सूचनेने येत नाही. तो बंदिश पुन्हा पुन्हा ऐकून, गाऊन आणि गुरूने दुरुस्त करूनच येतो. अशा तालमीला वेळेचा हिशेब नसतो.

२८ जून १९८७ रोजी गजाननबुवांचे निधन झाले. त्यानंतरच्या दशकांत त्यांच्या शिष्यांनी स्वतः गुरुपद स्वीकारले. ही साखळी तुटली नाही, हे त्यांच्या अध्यापनाचे सर्वांत मोठे यश होय.

विदर्भाशी असलेला अनुबंध

मानोरा तालुक्याला लागूनच यवतमाळ जिल्ह्याची हद्द सुरू होते. त्याच जिल्ह्यातील पांढरकवडा हे कशाळकर बंधूंचे गाव. उल्हास कशाळकर यांचा जन्म १९५५ साली नागपूर येथे झाला. वडील व्यवसायाने वकील व संगीताचे जाणकार होते. घरातच त्यांना आरंभीचे धडे मिळाले. पुढे त्यांनी नागपूर विद्यापीठातून संगीत विषयात पदव्युत्तर पदवी घेतली. तेथे राजाभाऊ कोगजे व प्रभाकरराव खर्डेनवीस यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. त्यानंतर मुंबईत पं. राम मराठे व पं. गजाननबुवा जोशी यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. १९९३ पासून कोलकाता येथील आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत ते गुरू म्हणून अध्यापन करू लागले. २०१० साली त्यांना पद्मश्री हा सन्मान प्राप्त झाला.

या प्रवासाचा क्रम महाविद्यालयीन अध्यापकांसाठी विचारणीय आहे. तालुक्याच्या गावातील घर, विद्यापीठाचा संगीत विभाग आणि मग गुरूकडील दीर्घ तालीम असे तीन टप्पे येथे दिसतात. विद्यापीठीय शिक्षण व गुरुमुखी विद्या यांना परस्परविरोधी मानण्याची सवय आपल्याला आहे. या उदाहरणात मात्र एकाने दुसऱ्यासाठी भूमी तयार केली, असे आढळते.

चेलोवरील प्रयोग : एक पूरक दृष्टिक्षेप

व्हायोलिनच्या मानाने चेलो हे वाद्य आपल्याकडे फारसे रुजले नाही. मराठी श्रोत्याच्या कानावर ते आले ते मुख्यतः चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदातून, आणि तेही बहुधा नाव ठाऊक नसताना. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यावर हिंदुस्थानी संगीत मांडण्याचे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकन चेलोवादक नॅन्सी लेश यांनी रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९-१९९०) यांच्याकडे ध्रुपदाचे शिक्षण घेऊन चेलोवर ध्रुपदाची आलापी केली. मूळच्या नेदरलँड्समधील सास्किया राव-द हास यांनी आकाराने लहान, जमिनीवर बसून वाजविता येईल असा आणि तरफेच्या तारा असलेला भारतीय चेलो घडवून घेतला.

या दोन्ही उदाहरणांत आणि गजाननबुवांच्या उदाहरणात एक साम्य आहे. वाद्य परदेशी असले तरी शिक्षण भारतीय गुरूकडून, भारतीय गायकी वा आलापीचे घेतले गेले. फरक इतकाच की, गजाननबुवा गायकीकडून वाद्याकडे गेले, तर या वादिका वाद्याकडून गायकीकडे आल्या. कोणत्याही दिशेने निघाले तरी भेटीची जागा एकच आहे, ती म्हणजे बंदिश व राग यांची कंठस्थ विद्या.

महाविद्यालयीन संगीत अध्यापनासाठी विचार

विदर्भातील अनेक कला महाविद्यालयांत संगीत हा पदवी स्तरावरील ऐच्छिक विषय आहे. अभ्यासक्रमात ठरावीक राग, ताल, संगीतकारांची चरित्रे आणि प्रात्यक्षिक परीक्षा यांचा समावेश असतो. तासिका मर्यादित, विद्यार्थ्यांची पूर्वतयारी असमान आणि वाद्यांची उपलब्धता कमी, ही सर्वांच्या परिचयाची परिस्थिती आहे. अशा स्थितीत गजाननबुवांच्या कार्यातून पुढील मुद्दे विचारार्थ घेता येतील.

१) कोणतेही वाद्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याला बंदिश प्रथम गाता आली पाहिजे. त्यासाठी आवाज मैफलीचा असण्याची गरज नाही. स्वर व अक्षरे यांचा संबंध गळ्यातून कळल्यावाचून तो बोटांत किंवा गजात येत नाही.

२) रागांची संख्या वाढविण्यापेक्षा एका रागातील दोन-तीन बंदिशी वेगवेगळ्या घराण्यांच्या पद्धतीने शिकविल्यास विद्यार्थ्याला शैलीभेदाचे प्रत्यक्ष ज्ञान होते. घराण्यांची वैशिष्ट्ये लिहून पाठ करण्यापेक्षा हा मार्ग अधिक फलदायी आहे.

३) हार्मोनियम हे सोयीचे वाद्य असले तरी त्याचे स्वर ठरलेले आहेत. मींड व श्रुतिभेद यांचे संस्कार त्यावर होत नाहीत. तंबोरा व शक्य असेल तेथे व्हायोलिन, सारंगी किंवा दिलरुबा यांचा नाद विद्यार्थ्यांच्या कानावर नियमित पडला पाहिजे. प्रत्यक्ष वादक उपलब्ध नसेल तेथे ध्वनिमुद्रणांचा उपयोग करता येईल.

४) अध्यापकाने स्वतः शिकत राहणे आवश्यक आहे. वडिलांची परिपूर्ण तालीम मिळालेल्या गजाननबुवांना आणखी गुरूंकडे जाण्यात कमीपणा वाटला नाही. पदवी व नियुक्ती मिळाल्यानंतर शिक्षण थांबले तर अध्यापकाकडे देण्यासारखे दरवर्षी तेवढेच उरते.

५) सर्व विद्यार्थ्यांना एकाच साच्यात बसविण्याचा आग्रह टाळावा. परीक्षेची गरज म्हणून समान पाठ द्यावा लागतो. परंतु त्यापुढे ज्याची जशी प्रकृती तसे मार्गदर्शन देण्यास अभ्यासक्रमही आडवा येत नाही.

अर्थात गुरूच्या घरची तालीम आणि महाविद्यालयाची तासिका यांची बरोबरी होऊ शकत नाही. गुरू आपला शिष्य निवडतो, महाविद्यालयाचे दार सर्वांना खुले असते. हे खुलेपण महाविद्यालयाची मर्यादा आहे, तसेच तिचे सामर्थ्यही आहे. ग्रामीण भागातील ज्या मुलामुलींच्या घरी गाण्याची परंपरा नाही, त्यांना रागसंगीताचा पहिला स्वर वर्गातच ऐकायला मिळतो. त्यांच्यातील एखाद्याला पुढे गुरूकडे जाण्याची ओढ लागली, तर त्याची तयारी करून देणे ही वर्गाची जबाबदारी ठरते. उरलेल्यांना जाणते श्रोते बनविणे हे कामही तितकेच मोलाचे आहे.

निष्कर्ष

१) हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनची सिद्ध परंपरा नसताना गजाननबुवा जोशी यांनी ख्यालगायकीच्या बळावर या वाद्याला स्वतंत्र मैफलीचे स्थान मिळवून देण्यात अग्रेसर भूमिका बजावली.

२) ग्वाल्हेर, जयपूर व आग्रा या तीन घराण्यांची विद्या त्यांनी परिश्रमपूर्वक घेतली व तिची सरमिसळ न करता जतन केली. घराण्याविषयीची निष्ठा आणि इतर घराण्यांविषयीचा आदर एकत्र नांदू शकतात, हे त्यांच्या उदाहरणावरून सिद्ध होते.

३) संस्थान, आकाशवाणी व खासगी शिष्यवर्ग अशा तीन भिन्न व्यवस्थांतून त्यांचे कार्य झाले. व्यवस्था बदलली तरी विद्येचा कस त्यांनी कमी होऊ दिला नाही.

४) त्यांच्या शिष्यांतील वैविध्य हे त्यांच्या अध्यापनाचे खरे वैशिष्ट्य होय. आपली प्रतिकृती निर्माण करण्यापेक्षा शिष्याला त्याचे स्वतःचे गाणे सापडू देणे त्यांनी महत्त्वाचे मानले, असे अनुमान यावरून काढता येते.

५) पांढरकवड्याच्या कशाळकर बंधूंच्या रूपाने ही परंपरा विदर्भाशी जोडली गेली आहे. या भागातील महाविद्यालयांनी आपल्या संगीतविषयक अभ्यासात तिची दखल घेणे उचित ठरेल.

साथीच्या वाद्याला स्वतःचा आवाज मिळवून देणारा कलावंत आपल्या शिष्यांनाही साथीदार न ठेवता स्वतंत्र गायक बनवितो, ही गजाननबुवांच्या कार्यातील अंतर्गत सुसंगती आहे. कोणत्याही विषयाचे अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकाने तिचे मनन करावे, इतके तिचे महत्त्व निश्चितच आहे.